अनुभव धागा: स्कॉटिश खेड्यातला हिवाळा – बातमी कशी पोचते, दार कोण वाजवतं?

स्कॉटलंडची ९८ टक्के जमीन ग्रामीण, आणि तिथे राहतात देशातली जेमतेम १७ टक्के माणसं. त्यांत आपले लोक शोधावे लागतात, पण आहेत: दवाखान्यांत, वृद्धाश्रमांत, पवनचक्क्यांवर, कोणी लग्न करून गेलेले. एडिंबरा-ग्लासगोच्या गणपतींवर भरपूर लिहून झालंय. इथे लिहा ते नोव्हेंबर ते मार्चचं, दुपारी साडेतीनला दिवे लागतात तेव्हाचं. गावात काय घडलं हे तुम्हाला कुठून कळतं? आणि तुमचं काही अडलं तर ते कोणाला कळतं? बर्फाचे फोटो नकोत, ते सगळ्यांकडे आहेत. शेजाऱ्यांची नावंही नकोत.

रानवाटा, अ‍ॅबरडीनशायर

आमच्याकडे अजूनही "हे आर्वेनच्या आधीचं की नंतरचं?" असं विचारतात. आर्वेन म्हणजे ते वादळ: २६ नोव्हेंबर २०२१, शुक्रवार. वादळाचा लाल इशारा आलेला, त्यामुळे सगळे घरातच होते. पण वारा सुटला तो उत्तरेचा. इथली झाडं पश्चिमेच्या वाऱ्याला सरावलेली. भलत्याच बाजूने धक्का बसला आणि ती मुळासकट उलटली, तारांवर नि रस्त्यांवर. वीज त्याच रात्री गेली. मग मोबाइलच्या टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या. राउटर बंद, म्हणून त्यावर चालणारा घरचा फोनही मुका. आमच्या भागातल्या काही घरांत वीज परत यायला आठवड्याहून जास्त वेळ लागला.

तेवढे दिवस बातमी म्हणजे गावच्या हॉलच्या दारावर चिकटवलेला कागद. कुठला रस्ता मोकळा झाला, जेवणाची गाडी किती वाजता येणार, कोणाकडे जनरेटर आहे नि फोन चार्ज करता येईल, सगळं मार्करने लिहिलेलं. खालून लोक आपापली भर घालायचे. हॉलमध्ये गॅसची शेगडी होती, तीवर दिवसभर सूप. कम्युनिटी कौन्सिलच्या (गावच्या समितीच्या) एका बाईंनी वहीत यादी केली होती: एकटं कोण राहतं, ऑक्सिजनचं यंत्र कोणाकडे आहे, लाकडाची शेगडी कोणाकडे आहे. पहिल्या दोन रकान्यांतली माणसं तिसऱ्या रकान्यातल्यांच्या घरी नेऊन सोडायची, एवढा साधा हिशेब. आमची हीटिंग तेलावर, पण बॉयलरला वीज लागतेच, म्हणून आम्हीही पलीकडच्या शेतकऱ्याकडे. त्याच्या शेगडीच्या पत्र्यावर आमचा कुकर मस्त बसला. मुगाची खिचडी. त्याने तिच्यावर लोणी घातलं, मी काही बोललो नाही.

पुढे सैनिकही आले, घरोघर चौकशी करत. आमच्या गल्लीत त्यांना विचारायला फारसं काही उरलं नव्हतं, वही आधीच फिरून गेली होती. आता हॉलमध्ये जनरेटर आहे, आणि ती वही दर ऑक्टोबरात नवी होते.

पांढराकोट, टोमिनटाउलच्या बाजूचा

वर वादळ आलंय, मी रस्त्याचं सांगतो. कॉकब्रिज ते टोमिनटाउल हा ए ९३९ रस्ता. हिवाळ्यातल्या रेडिओवर 'बर्फामुळे बंद' म्हटलं की बहुतेकदा पहिलं नाव याचं. रस्त्यावर खरोखरची फाटकं आहेत, ती लावली की संपलं. तेव्हा पलीकडच्या पेशंटची औषधं कशी पोचतात? ज्याच्या ट्रॅक्टरला बर्फ सारायचा नांगर लावलाय त्याला कोणीतरी फोन करतं. तो मेंढ्यांना चारा टाकायला निघणारच असतो.

बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्या ('ग्रिटर') कुठे आहेत ते सरकारी नकाशावर थेट दिसतं. प्रत्येकीला नाव आहे, आणि नावं अशी की गंभीर माणूसही हसेल: 'ग्रिटी ग्रिटी बँग बँग', 'सर अँडी फ्लरी'. माझी मुलगी रात्री झोपण्यापूर्वी आपल्या भागात आज कोण फिरतंय ते बघते.

साताऱ्याची आजी, सध्या पर्थशायर

मुलाकडे हिवाळ्यात आले, सून म्हणाली कंटाळाल. माझं इंग्रजी बेताचं. पण बुधवारी हॉलमध्ये दुपारचं जेवण असतं, सूप आणि नंतर गोड. तिथे जाऊ लागले. बायका विणतात, मीही विणते. सुया चालल्या की भाषा फार लागत नाही. शेवटी रॅफल. बक्षीस काय, तर साबण, बिस्किटांचा डबा, मागच्या वेळी कोणाला तरी मिळालेलीच मेणबत्ती. तरी नंबर पुकारताना सगळ्यांचे श्वास रोखलेले.

गावाचं पत्रक निघतं महिन्याला, चार पानी. आम्ही चौघीजणी ते घड्या घालून घरोघर टाकतो. त्यात काय असतं सांगू? गटार तुंबलं, मांजर हरवलं, पंचायतीसारखी त्यांची सभा, फोनच्या जुन्या लाल खोक्यातलं, हृदय बंद पडलं तर झटका देणारं यंत्र तपासलं, फिरतं वाचनालय कधी येणार. फेब्रुवारीच्या अंकात माझ्या चकलीची कृती आली. भाजणी कुठे मिळते म्हणून दोघींनी दार वाजवलं. आता मीच दळून देते.

कोणी गेलं तर मात्र पत्रकाची वाट बघत नाहीत. दुकानाच्या काचेवर कागद लागतो, अंत्यविधी कधी, कुठे. दूध आणायला गेलेला माणूस थांबतो, वाचतो, टोपी काढतो.

वाराखाऊ, शेटलँड

लर्विकला २१ डिसेंबरला सहा तासांचाही दिवस नसतो. त्यामुळे जानेवारीत इथले लोक आग लावतात, रीतसर. अप हेली आ, जानेवारीचा शेवटचा मंगळवार: मशाली, व्हायकिंग वेष, शेवटी लाकडी गलबत पेटवायचं. ते सगळ्यांना माहीत असतं. माझं आवडतं प्रकरण त्या सकाळचं. बाजारातल्या क्रॉसपाशी एक भलामोठा रंगवलेला फलक उभा राहतो, त्याला 'बिल' म्हणतात. वर्षभरात गावात कोणी काय गाढवपणा केला ते सगळं त्यावर चिमटे काढत लिहिलेलं. शिमग्याला कोकणात नावं घेऊन बोंब मारतात ना, तेच, फक्त सुवाच्य अक्षरात. ज्याचं नाव येतं तो आधी लाल होतो, मग फोटो काढून घेतो.

लर्विकमध्ये बायकांना मिरवणुकीच्या पथकांत यायला २०२३ उजाडलं. खेड्यांतल्या जत्रा त्याबाबत पुढे होत्या. दक्षिण भागात २०१५ मध्येच मुख्य सरदार बाई होती. रात्रभर पथकं हॉलमागून हॉल फिरून सोंगं करतात, आणि प्रत्येक हॉलमध्ये खारवून धुरावलेल्या मटणाचं बटाट्याचं सूप. पहाटे पाचला ते प्यायल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

काळेकेस

छोटीच गोष्ट. हॉगमने, म्हणजे ३१ डिसेंबर. बारा वाजून गेल्यावर घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचं पडलं तर वर्ष चांगलं, हातात कोळसा, शॉर्टब्रेड, व्हिस्की वगैरे. गावात काळ्या केसांचा मी एकटा, बाकी लाल, सोनेरी नाहीतर टक्कल. शेजारच्या आजीबाई नोव्हेंबरातच बुकिंग करतात. मागच्या वेळी एवढी घरं झाली की शेवटच्या दारात मलाच आधार देऊन आत घेतलं.

खारफुटी, पश्चिम किनारा

मी थोडं पाणी ओततो. आमच्या वस्तीत अर्धीअधिक घरं सुट्टीची. ऑक्टोबर संपला की खिडक्या काळ्या. एप्रिल २०२४ पासून अशा घरांवर दुप्पट कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा कर) लावायची मुभा आली, पण टॅक्सने दिवे लागत नाहीत. हॉल कमिटी म्हणजे तीच पाच माणसं: तेच सचिव, तेच खुर्च्या लावणारे, तेच २५ जानेवारीच्या बर्न्स नाइटला (कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीला) हॅगिस, म्हणजे मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचा मसालेदार पदार्थ, उकडणारे. त्यांतल्या दोघांचे गुडघे गेलेत. बस आठवड्यातून मोजकी. तेलवाला ५०० लिटरच्या खाली येत नाही, म्हणून आम्ही घरं मिळून ऑर्डर देतो. त्याला लोक एकोपा म्हणतात, मी गरज म्हणतो.

आणि बातमी? फार पोचते. माझ्या धुराड्यातून सकाळी दहापर्यंत धूर निघाला नाही तर फोन येतो. पहिल्या वर्षी याचा राग यायचा. आता मी उशिरा उठणार असलो तर आदल्या रात्री सांगून ठेवतो.

रानवाटा

@खारफुटी, गुडघ्यांचं अगदी खरं. आमची वहीही ज्या बाई सांभाळतात त्यांचं वय ७८, आणि पुढचं नाव अजून कोणी सुचवलेलं नाही.

नवीनच

जानेवारीत केथनेसला, स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाला, नर्स म्हणून रुजू होतेय. सोबत काय आणू?

पांढराकोट

जाकीट इथेच घे, तिकडचं चालणार नाही. थर्मास, डोक्याला लावायचा टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक. वीज गेली तर १०५ हा फोन नंबर लाव. गाडीत फावडं आणि घोंगडी ठेव. आणि पहिल्या आठवड्यातच हॉलमध्ये जाऊन कोणालातरी तुझा नंबर दे. ड्युटीच्या वेळाही सांग, नाहीतर रात्रपाळीनंतर झोपलेली असताना दार वाजवतील.