गाण्याचं साल बघून ऐकायचं का?

अनवट
सध्या माझं ऐकणं दोन टोकांना चाललंय. एकीकडे याच वर्षी आलेली, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या तरुण गायकांची मराठी गाणी, दुसरीकडे जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांच्या काळातली तबकड्यांवरची भावगीतं. दोन्ही माझ्या कानांना कोरीच, आणि दोन्हींनी मी सारखाच हरखून जातो. एखादं कडवं मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकतो, अंतऱ्यावरून ध्रुवपदावर येताना गायकाने श्वास कुठे चोरला ते शोधतो, आणि भेटेल त्याला "हे ऐकच" म्हणून पाठवतो.

त्यावर ठरलेली उत्तरं येतात. जुनं पाठवलं की "आता असं होणे नाही". नवं पाठवलं की "बरंय, पण जुन्याची सर नाही", आणि तेही बऱ्याचदा गाणं संपायच्या आत.

मला हे अजिबात मान्य नाही. ज्याला आपण सुवर्णकाळ म्हणतो, त्या गाण्यांना त्यांच्या काळात काय ऐकून घ्यावं लागलं? १९५२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्री बी. व्ही. केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. ती अभिरुची बिघडवतात, असं त्यांचं मत होतं. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथली बिनाका गीतमाला त्याच वर्षीची. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि आकाशवाणीवर त्या गाण्यांना पुन्हा हक्काची जागा मिळाली. तेव्हा रेडिओचा काटा फिरवत ती गाणी शोधणारे लोक नव्या गाण्यांसाठीच वेडे झाले होते. मला त्यांच्यासारखं ऐकायचंय.

मंद्रसप्तक
असहमत. केसकरांचं धोरण चुकलं, पण त्यावरून आजचं नवं गाणं उद्या मोठं ठरेल असं निघत नाही. मल्टिट्रॅक, म्हणजे प्रत्येक आवाज वेगळा मुद्रित करून नंतर जोडायचं तंत्र, येण्याआधी गायक आणि सगळा वाद्यवृंद एकत्र बसायचा, कसून तालीम व्हायची. एक वादक चुकला तरी सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात सुरुवातीचं संगीत, ध्रुवपद, अंतरे, मधले संगीताचे तुकडे, सगळं बसवायचं. त्यामुळे एक स्वर वाया घालवायची सोय नव्हती.

आज स्पॉटिफायवर तीस सेकंद गाणं वाजलं की एक ऐकणं मोजलं जातं. श्रोत्याला तेवढ्या वेळात धरून ठेवायची घाई कित्येक गाण्यांत स्पष्ट ऐकू येते. सुरुवातीचं संगीत गळून पडलंय, चाल उलगडायच्या आधीच हुकलाइन, म्हणजे चटकन मनात अडकणारी ओळ, येते. अशा गाण्यावर जीव जडायला वेळ तरी कुठे मिळतो?

अनवट
@मंद्रसप्तक, तबकडीची तीन मिनिटं हीसुद्धा यंत्राने आणि बाजाराने घातलेली मर्यादाच होती. १९०२ मध्ये गौहर जान कोलकात्यात ग्रामोफोनसाठी गायल्या, तेव्हा तासभर फुलवायचा ऐवज त्यांना काही मिनिटांत आटोपावा लागला. त्यातच शेवटी इंग्रजीत स्वतःचं नावही पुकारायचं, कारण तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या आणि तिथल्या लोकांना गायिका कोण हे कळायला हवं होतं! त्या बंधनातून त्यांनी कला घडवली, हे आपण कौतुकाने सांगतो. मग आजच्या बंधनातही कुणी तसं करत असेल, हे ऐकून बघायला हवं. शंभरातली नव्वद गाणी सामान्य असतील, मान्य. तेव्हाचीही असतीलच. काळाच्या चाळणीतून उरलेली तेवढी आपण ऐकतो आणि त्यांची तुलना आजच्या न चाळलेल्या ढिगाशी करतो.

कोमल_निषाद
एक वेगळा मुद्दा. तुम्ही 'जुनं' म्हणून जे ऐकताय ते खरोखर तेच आहे का? कॅसेटच्या काळात जुन्या गाण्यांवर वरून ठेका चढवून 'झंकार बीट्स' नावाने ती विकली गेली. पुढे नव्याने मास्टरिंग करताना, म्हणजे गाण्याची अंतिम प्रत तयार करताना, अनेकदा हळू आणि जोरकस यांतलं अंतर दाबून सगळं एकाच मोठ्या आवाजात आणलं गेलं. गायिका कुजबुजते ती जागा आणि पूर्ण सुरात गाते ती जागा सारखीच मोठी झाली, तर त्या गायनात काय उरलं? मूळ तबकडीवरून घेतलेली प्रत खरखरत असेल, पण तो चढउतार तिच्यात शाबूत असतो. मला खरखर चालते, सपाटपणा सहन होत नाही. आणि हा दोष नव्या-जुन्या दोन्हींत सापडतो, त्यामुळे सालाचा वाद मला दुय्यम वाटतो.

ओळखीचासूर
मानसशास्त्रात यावर काम झालंय. दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे जास्त ठळक राहतात, त्या वयात ऐकलेली गाणीही. शिवाय एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ झायन्स (Zajonc) यांनी १९६८ मध्ये मांडलं. "जुन्याची सर नाही" यात कानाचा किती भाग आणि वयाचा किती?

मंद्रसप्तक
हे अर्धंच झालं. ज्यांचा जन्मच त्या गाण्यांनंतर झाला, ती मुलं पन्नास वर्षांपूर्वीची चाल ऐकून थबकतात. तिथे कुठली आठवण?

तबकडी
माझी तक्रार अनवट यांच्या उत्साहाबद्दल आहे. इतकी गाणी पाठवता, त्यात संगीतकार-गीतकारांची नावं किती वेळा लिहिता? १९४९ च्या 'महल'मधल्या गाण्याच्या तबकडीवर लताबाईंचं नाव नव्हतं, 'कामिनी' हे पात्राचं नाव छापलं होतं. या आवाजाची मालकीण कोण, असं श्रोत्यांनी विचारलं म्हणून नाव पुढे आलं. हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी चित्रपटगीतांची तपशीलवार नोंद ठेवणाऱ्या हिंदी फिल्म गीत कोशाच्या खंडांसाठी केवढी वर्षं घालवली! आज ॲपवर गायकाचं नाव मोठं, बाकीचे कुठेतरी आत दडलेले. गाणं आवडलं तर ते कुणी केलं हे सांगणं ही रसिकाची जबाबदारी आहे, नव्या गाण्याच्या बाबतीत तर जास्तच, कारण ती माणसं आज काम करताहेत आणि त्यांना त्याचा उपयोग होईल.

अनवट
@तबकडी, पूर्ण मान्य. यापुढे गायक, संगीतकार, गीतकार आणि जमलं तर वादकही. @मंद्रसप्तक, तुम्हाला पाच नवी गाणी पाठवतोय. हेडफोन लावून, शेवटपर्यंत, दोनदा ऐका.

मंद्रसप्तक
पाठवा. दोनदा ऐकेन. चाल मनात राहिली तर तसं लिहीन, नाही राहिली तर तेही लिहीन, आणि कुठल्या जागी निसटली ते सांगेन. माझं मूळ मत तूर्तास कायम आहे.