‘फॉर्मल’ म्हणजे औपचारिक?

हर्णैकर: एका सुरक्षा प्रणालीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतोय. आयएसओ/आयईसी १५४०८, म्हणजे कॉमन क्रायटेरिया, संगणक-सुरक्षा तपासायचं आंतरराष्ट्रीय मानक. त्यात खात्रीच्या सात पायऱ्या, ईएएल १ ते ७. सातवीला ‘फॉर्मली व्हेरिफाइड डिझाइन’ लागतं. मी लिहिलं, ‘औपचारिकरीत्या पडताळलेली रचना’. मेव्हणा वाचून म्हणतो, “म्हणजे नुसता शिक्का मारलाय ना?” सगळ्यात कडक पायरी मराठीत सगळ्यात पोकळ झाली! काय लिहू?

सुपारीबाग: पाचवी-सहावी ‘सेमीफॉर्मल’ आहे. ‘निमऔपचारिक’ कर. आमंत्रण व्हॉट्सॲपवर, अक्षता घरपोच.

जुना मास्तर: तर्कशास्त्रात ‘फॉर्मल लॉजिक’ला ‘आकारिक तर्कशास्त्र’ म्हणतात. अर्थ बाजूला ठेवून चिन्हं आणि नियमांवरच सिद्धता करायची, म्हणून ‘आकारिक पडताळणी’.

हर्णैकर: मेव्हण्याला वाटेल घरपट्टीची आकारणी आली.

कणकवलीकर: ‘पडताळणी’ला हात लावू नका. आमच्या आजोबांचं किराणा दुकान. उधारीची बेरीज झाली की नऊचा ताळा घ्यायचे, म्हणजे अंकांची बेरीज करून, नऊ वगळून उत्तर तपासायचे. एकदा ताळा जुळला तरी पैसे कमी! ५४ च्या जागी ४५ लिहिले होते, नवाने दोन्ही सारखेच. प्रति + ताळा = पडताळा, असं माझं मत. तुमच्या प्रणालीतही तेच: रचना विनिर्देशाशी, म्हणजे काय हवं त्याच्या लेखी वर्णनाशी, जुळली असं गणिताने सिद्ध होईल, पण विनिर्देशच चुकीचा लिहिला असेल तर?

जुना मास्तर: ‘प्रति’चं ‘पड’ पटतं. ताळ्याचं मूळ तपासायला हवं.

सुपारीबाग: ‘विनिर्देश’ कोण बोलतं? ‘स्पेसिफिकेशन’ लिहा. आणि ‘पडताळणी’पेक्षा ‘खातरजमा’ गोड.

जुना मास्तर: खातरजमा यावनी, अरबी-फारसीतून आलेला! सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, भाषाशुद्धीचा आग्रह धरत होते. त्यांच्याच जिल्ह्यात हे?

सुपारीबाग: त्यांनी ‘दिनांक’ दिला. कोर्टात आम्ही अजून तारीखच घेतो, मास्तर.

हर्णैकर: उद्या मजकूर द्यायचाय. ‘गणिती सिद्धतेने पडताळलेली रचना’ चालेल?

जुना मास्तर: लांबट. शिवाय ‘गणिती’ का, ‘गणितीय’ का नाही?

कणकवलीकर: ‘ताळ्यावर येणे’ पण ह्याच ताळ्यातलं ना? आवस (आई) अजून म्हणता, “झील (मुलगा) आता ताळ्यार इलो.”

सुपारीबाग: मला वाटतं, तो ‘ताळतंत्र’मधला ताळ असावा. वेगळा धागा काढा.

कणकवलीकर: हयच सांगा.