मदत हवी आहे: पोस्टग्रेसच्या कॉपी टू प्रोग्राममध्ये फाइलचं नाव सुरक्षितपणे कसं द्यायचं?

पोस्टग्रेस १४ डेटाबेस, उबुंटू २२.०४, सर्व्हर आमचाच आहे, क्लाउडची तयार सेवा नाही. हिशेब विभागाला महिन्याचं टेबल जीझिपने आकुंचित करून, त्यांनी दिलेल्या नावाने सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये हवं असतं. त्यासाठी कॉपी टू प्रोग्राम, म्हणजे टेबलातला डेटा सर्व्हरवरच्या एखाद्या शेल कमांडकडे पाठवणारी एसक्यूएल आज्ञा वापरतो. त्यांना सर्व्हरवर शेल (कमांड लाइन) मिळणार नाही, त्यामुळे पीएसक्यूएल या क्लायंटचं, फाइल क्लायंटच्या बाजूला लिहिणारं \कॉपी बाद.

'पीजी_एक्झिक्यूट_सर्व्हर_प्रोग्राम' हा रोल त्यांना द्यायचा नाही. तो मिळाला की पोस्टग्रेस युजरच्या हक्कांनी कोणतीही कमांड चालते, म्हणजे डेटा डिरेक्टरीच उघडी पडते. म्हणून सिक्युरिटी डिफायनर (मालकाच्या हक्कांनी चालणारं) फंक्शन लिहिलं, त्यात सर्च पाथ (टेबलं-फंक्शनं कुठल्या स्कीमांत शोधायची ती यादी) पक्का केला आणि पब्लिककडून (म्हणजे सगळ्या युजरकडून) ते चालवायचा एक्झिक्यूट हक्क काढून घेतला.

अडचण पुढे आहे. कॉपीला पॅरामीटर चालत नाही, म्हणून फॉरमॅट() वापरून स्ट्रिंग जोडतो आणि एक्झिक्यूट करतो. पण फॉरमॅटचं टक्का-एल (%L) फक्त एसक्यूएलचे अवतरणचिन्ह सांभाळतं, शेलचे नाही. टेस्ट सर्व्हरवर नावात अर्धविराम (शेलमध्ये त्यापुढे नवी कमांड सुरू होते) आणि रिकामी फाइल बनवणारी टच कमांड घालून पाहिली, ती फाइल खरंच तयार झाली! तेव्हापासून हे प्रॉडक्शनवर न्यायची हिंमत होत नाही.

सध्या रेजेक्सने (अक्षरांचा नमुना तपासून) नावात फक्त लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालू देतो. पण त्यांना नावात देवनागरी आणि मोकळी जागा हवी आहे, तिथे ही यादी तोकडी पडते. पीएल/पायथॉन (डेटाबेसमध्ये पायथॉन फंक्शन लिहायची सोय) बसवायला परवानगी नाही.

नाव एकेरी अवतरणात बंद करून आतलं प्रत्येक एकेरी अवतरण रिप्लेसने एस्केप केलं (शेलने ते साधं अक्षर मानावं असं बदललं), तर शेलपुरतं ते पुरेसं आहे का? की नाव कमांडमध्ये न घालता वेगळ्या वाटेने फाइल बनवणाऱ्या एखाद्या स्क्रिप्टपर्यंत पोचवता येतं?