कोरियात गाडी चालवणाऱ्यांची मदत हवी आहे

मंडळी, सुवॉनमध्ये कुणी नियमित गाडी चालवतं का? रस्त्याची उजवी बाजू आता हाताला बसली आहे. शहरात 50 आणि शाळेजवळ 30 ची मर्यादा, तेही कळतं. चौकात वळणासाठी रंगवलेले गुलाबी-हिरवे पट्टे तर झकासच, आपल्याकडेही हवेत! अडतंय ते उजवीकडे वळताना. 2023 पासून समोरचा सिग्नल लाल असेल तर आधी गाडी पूर्ण थांबवायची, हे माहीत आहे. पण थांबून वळलं की लगेच दुसरं झेब्रा क्रॉसिंग येतं. तिथे पादचाऱ्यांचा दिवा हिरवा, पण चिटपाखरू नाही, अशा वेळी हळू पुढे जायचं की दिवा लाल होईपर्यंत थांबायचं? मी थांबते, मागचे हॉर्न वाजवून जीव खातात. उजव्या बाणाचा वेगळा सिग्नल असेल तिथे प्रश्नच नाही.

दुसरं, डाव्या बाणाखाली 'बिबोहो' (म्हणजे 'असंरक्षित', वळणाला वेगळा सिग्नल नाही) लिहिलेली पाटी. समोरून गाडी येत नसेल तर हिरव्यावर डावीकडे वळायचं, बरोबर ना? लाल असताना रस्ता मोकळा दिसला तरी नाहीच ना? लेखी परीक्षेचं पुस्तक वाचलेल्यांनी प्लीज नीट सांगा, ऐकीव नको.