मदत हवी आहे: ट्रॉल्या न काढता मोझेकवरच नवी फरशी बसवावी का? डिशवॉशरचं काय?

नमस्कार मंडळी,

आमची ठाण्यातली इमारत १९८४ सालची. स्वयंपाकघरात अजून मूळची मोझेक आहे. सिंकसमोरचा पट्टा इतका गुळगुळीत झालाय की गेल्या महिन्यात आई तिथे घसरली. मनगट मुरगळण्यावर निभावलं, पण तिचं वय ७२. तेव्हापासून ती ओट्याशी उभी राहिली की माझा जीव थाऱ्यावर नसतो. पावसाळ्याआधी फरशी बदलायचीच.

जुनी फोडायला नको वाटतं. खालच्यांकडे गळती सुरू झाली तर निस्तरता येणार नाही. म्हणून मोझेकवरच २ बाय २ फुटी मॅट व्हिट्रिफाइड टाइल घालायची. ट्रॉल्यांचे बॉक्स मरीन प्लायचे, चार इंची पीव्हीसी पायांवर. फरशीवाला म्हणतो, "स्कर्टिंगपर्यंत (ट्रॉल्यांच्या पायांपुढची पट्टी) आणून थांबू, कडेला सिलिकॉन मारू."

माझी खरी अडचण डिशवॉशरची. ग्रॅनाइटखालची जागा ८६० मिमी, मशीन ८४५. टाइल ९ आणि अॅडहेसिव्ह ४, म्हणजे फरशी १३ मिमीने वर येणार. मशीनखाली टाइल घातली तर वर जेमतेम २ मिमी उरतात. नाही घातली तर पुढे पायरी होईल आणि मशीन खड्ड्यात अडकेल. उद्या दुरुस्तीला बाहेर कसं काढायचं? कोणी असं काम करून घेतलंय का?

प्रतिसाद:

ताई, मशीन उभं असतं तिथे टाइल मागच्या भिंतीपर्यंत न्याच. फ्रिजखालीही. ट्रॉल्यांखाली सगळीकडे गरज नाही, पण स्कर्टिंगला टेकवून थांबू नका. स्कर्टिंगची पट्टी बहुतेक क्लिपवर असते, ओढली की निघते. टाइल आत दोन-तीन इंच जाऊ द्या, पट्टी खालून १३ मिमी कापा आणि परत बसवा. सांधा पट्टीच्या मागे जातो, सांडलेलं पाणी थेट प्लायपर्यंत पोचत नाही.

काही डिशवॉशरचं वरचं झाकण काढता येतं, उंची साधारण ३ सेंमी कमी होते. आपल्या मॉडेलला ते चालतं का, हे माहितीपुस्तिकेत बघा. आधी हे नक्की करा, मगच टाइलची ऑर्डर द्या. आणि उंची एकाच ठिकाणी मोजू नका, जुन्या फरशा क्वचितच सपाट असतात.

मोझेक काठीने ठोकून बघा. पोकळ आवाज येणाऱ्या लाद्या काढून तेवढी जागा भरून घ्या. उरलेल्या मोझेकला टाचे (छिन्नीने बारीक खाचा) मारून, धूळ पुसून, फरशीवर फरशीसाठीचंच अॅडहेसिव्ह वापरा. पॉलिश झालेल्या मोझेकवर नुसतं सिमेंट धरत नाही. ड्राय बाल्कनीचं दार खालून घासावं लागेल, तेही हिशोबात धरा.

धागाकर्ती:

मनापासून आभार. आज पुन्हा मोजलं. पुढे ८६०, पण मागे भिंतीशी ८५३ च आहे! म्हणजे झाकण काढल्याशिवाय मशीन आत जाणारच नाही. पुस्तिकेत झाकण काढायची आकृती सापडली, मागे दोन स्क्रू आहेत. फ्रिजजवळच्या चार लाद्या पोकळ वाजतात, त्या काढून घेते. फरशीवाल्याला रविवारी बोलावलंय. सिंकखाली, जिथे पाइप जमिनीत जातो, तिथली टाइल कशी कापून घ्यावी, एवढं कोणी सांगाल का?