घरचा जुना असेंबल्ड पीसी: दुरुस्ती, रंगरंगोटी आणि तुमचे अनुभव

मधलीसुट्टी
यंदा खंडेनवमीला बाबांनी नेहमीप्रमाणे खलबत्ता, पक्कड आणि कॉम्प्युटर अशी पूजा मांडली आणि कॉम्प्युटर सुरूच होईना. पंखा फिरतो, दोन सेकंदांत बंद. परत फिरतो, बंद.

हा पीसी २००९ साली बाबा आणि मी मुंबईत लॅमिंग्टन रोडला चार दुकानं फिरून जमवला होता. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, जी३१ चा मदरबोर्ड, २ जीबी रॅम. बाबा भाव करायचे, मी वहीत टिक करायचो, येताना लोकलमध्ये कॅबिनेट मांडीवर. सोसायटीचे हिशेब तेव्हापासून त्याच्यावरच. भाचा म्हणाला, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय, आता भंगारात द्या. बाबा त्या दिवशी जेवताना कुणाशी बोलले नाहीत.

उघडला. सीपीयूशेजारचे दोन कपॅसिटर (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या) डोक्यावर फुगलेले, एकातून तपकिरी चिकट काहीतरी बाहेर आलेलं. आमच्याकडचे टीव्ही दुरुस्तीवाले काका आहेत, त्यांनी दोन्ही बदलून दिले. ६.३ व्होल्टचे नव्हते म्हणून १६ चे टाकले. म्हणाले, व्होल्ट जास्त असले तर चालतात, मायक्रोफॅरड तेवढेच हवेत. सुरू झाला!

उघडलाच आहे तर म्हटलं रंगही देऊ, खालची पट्टी पार गंजली होती. घासत घासत वरच्या कडेला आलो तर सोळा वर्षांचं हळदकुंकू, चांगला थर बसलेला. पॉलिश पेपर लावणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "तेवढं सोड." मग तेवढ्यावर मास्किंग टेप लावली आणि बाकीचा काळा मारला.

तुमच्याकडे आहेत का असे म्हातारे? लिहा.

खोडरबर
रॅम काढायची, खोडरबराने घासायची, परत बसवायची. माझं इंजिनिअरिंग एवढंच कामी आलंय.

ठाणेकरीण
रंग कुठे मारलात ते आधी सांगा. आमच्या ह्यांनी गॅलरीत स्प्रे मारला, नेमका वारा सुटला, खालच्या काकूंची वाळत घातलेली पांढरी साडी राखाडी ठिपक्यांची झाली. कॅबिनेटवर नुसते ओघळ, साडीवर मात्र काय एकसारखा बसला होता रंग! हॉलला रंग द्या म्हणून तीन वर्षं मागे लागलेय ते वेगळंच.

मिऱ्यावाला
रत्नागिरीत कॅबिनेट गंजलं ही बातमी नाही. जून ते सप्टेंबर रोज अर्धा तास चालू ठेवायचो, आत ऊब राहिली की ओल धरत नाही. एवढं जपून शेवटी एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात, पाल शिरली. फट्ट. नवा आणायला मामा एसटीने कोल्हापूरला गेले ते चपला घेऊन आले. एसएमपीएस विसरले. चपला अजून आहेत

वायरमन_नव्हे
रंगवणाऱ्यांनो, मदरबोर्डाचे पितळी स्टड बसतात तिथला आणि एसएमपीएस टेकतो तिथला पत्रा उघडाच ठेवा, अर्थिंग तिथून जातं.
आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर पीसीला शिव्या देऊ नका, भिंतीतलं अर्थिंग बघा. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याकडे दोन छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की पत्र्यावर साधारण निम्मे, म्हणजे ११५ व्होल्ट येऊन बसतात. करंट किरकोळ, पण अनवाणी पायाला कळतो. आमच्या घरी रबरी चपला घालूनच कॉम्प्युटरला बसायचं असा नियम होता. कॉलेजला जाईपर्यंत मला वाटायचं सगळ्यांकडेच असतो.

खोडरबर
आज चपला जोरात आहेत.

भटकंती
लॅमिंग्टन रोड काय, डॉ. भडकमकर मार्ग म्हणा.

पेठेतला
म्हणा. टॅक्सीवाल्याला सांगून बघा आणि कुठे पोचलात ते कळवा. आम्ही आपले पुण्याच्या तपकीर गल्लीवाले.

सांगली_ते_सिएटल
आईचा फोन, "अरे तुझा डबा तीनदा ओरडतो आणि गप्प बसतो." व्हिडिओ कॉलवर तिच्याकडून कॅबिनेट उघडून घेतलं. रॅम म्हणून उपयोग नव्हता, "हिरवी पट्टी" म्हणालो. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या कड्या खाली दाब, पट्टी काढ, पूस, परत सरळ दाब, टक् वाजलं पाहिजे. तर म्हणते, "कुकरचं झाकण बसवतो तसं म्हण की सरळ!" सुरू झाला. आता ती दर महिन्याला बाबांच्या दाढीच्या ब्रशने पंखा झाडते. बाबांनी दुसरा ब्रश घेतला.

रडतराऊ
मी दुकानात दिला होता. आला तेव्हा लख्ख, पण २ जीबीची १ जीबी. विचारलं तर म्हणे, साहेब, जुनी झाली की कमी दाखवते.

ठाणेकरीण
😂 माझ्या पगाराचंही तसंच होतंय

निळीशाई
दादाचा होता, २००६ चा. तो गेल्यावर चार वर्षं कुणी लावला नाही. मागच्या महिन्यात मी लावला तर एकही साइट उघडेना, सगळीकडे सर्टिफिकेटची तक्रार. घड्याळ कितीतरी वर्षं मागे गेलेलं. आतला बटणासारखा सीआर२०३२ सेल बदलून तारीख घातली, सगळं उघडलं. रंग नाही दिला. बाजूच्या पत्र्यावर त्याने स्केचपेनने स्कोअर लिहून ठेवलेत.

वायरमन_नव्हे
नका देऊ.

मिऱ्यावाला
कुठल्या सामन्याचे?

निळीशाई
गल्लीतल्या. दादा ४३ नाबाद. सगळ्या सामन्यांत तोच नाबाद :)

मिऱ्यावाला
अंपायरही तोच असणार

मधलीसुट्टी
आत्ता वेळ मिळाला. ठाणेकरीण, गच्चीत मारला, दोऱ्या रिकाम्या बघून. गंजावर आधी रेड ऑक्साइड, मग दोन पातळ हात. जाड एक हात दिलात म्हणून ओघळ आले तुमच्याकडे. माझी फजिती पुढच्या पॅनलवर झाली. प्लास्टिकचं आहे हे विसरून थिनरने पुसलं, प्लास्टिक मऊ पडलं आणि पॉवर बटणाच्या बाजूला माझी तीन बोटं उमटली. आता कायमची.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ह्याच्यात कुठून असणार? हार्डडिस्कऐवजी २४० जीबीची वेगवान एसएसडी लावून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकलं. चार मिनिटांत उघडायचा तो मिनिटाच्या आत येतो. बाबांनी एकच विचारलं, पत्ते आहेत ना?

पेठेतला
काकांनी कपॅसिटरचे किती घेतले?

मधलीसुट्टी
८० रुपये आणि दोन चहा.

ठाणेकरीण
काका बसतात कुठे? आमचा मिक्सर दिवाळीपासून पडलाय.