मदत हवी आहे: आईला फंडातून दर महिन्याला येतात ते पैसे व्याज की मुद्दल?

नमस्कार मंडळी, जरा गोंधळलोय. बाबा गेल्यावर आईला जे पैसे मिळाले त्यातले १२ लाख ओळखीच्या एजंटने म्युच्युअल फंडात टाकायला लावले, म्हणाला काकू दर महिन्याला ८ हजार डिव्हिडंड येईल, एफडीपेक्षा बरं. आई ६४ वर्षांची, पेन्शन नाही, आणि तिचा आयुष्यभराचा नियम की मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजात भागवायचं. वर्ष झालं, पैसे अगदी वेळेवर आले, ९६ हजार. पण काल स्टेटमेंट उघडलं तर फंडाची किंमत ११ लाख ५२ हजार! युनिट तेवढीच आहेत, एकही विकलेलं नाही, मग ४८ हजार गेले कुठे? आईला अजून बोललो नाहीये, कारण ती त्यातूनच महिन्याला हजार रुपये नातीसाठी बाजूला टाकते, तिला वाटतं हे सगळं व्याजच आहे.

दुसरं, बाबांचे जुने १५० शेअर आहेत, कंपनीचं पत्र आलंय २०० टक्के लाभांश म्हणून आणि रक्कम फक्त ६०० रुपये. हे कसं काय?

प्रतिसाद १:
शेअरचं आधी सांगतो. ते टक्के बाजारभावावर नसतात, दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरवर छापलेल्या मूळ किमतीवर (फेस व्हॅल्यू) असतात. फेस व्हॅल्यू २ रुपये असणार, २०० टक्के म्हणजे शेअरमागे ४ रुपये, १५० चे ६००. पण शेअर लवकर आईंच्या नावावर करून घ्या, ७ वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर शेअरसुद्धा सरकारच्या आयईपीएफ या निधीकडे जातात, मग सोडवायला हेलपाटे.

आता फंड. स्कीमच्या नावापुढे आयडीसीडब्ल्यू लिहिलंय का बघा. पूर्वी यालाच डिव्हिडंड ऑप्शन म्हणायचे, लोक व्याज समजायचे म्हणून बाजार नियामक सेबीने एप्रिल २०२१ पासून नाव बदलायला लावलं, त्यातलं सीडब्ल्यू म्हणजे कॅपिटल विथड्रॉवल, भांडवल काढणं. वाटप झालं की एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, तेवढी खाली येते. फंडाने वर्षात कमावले ४८ हजार, वाटले ९६, वरचे ४८ आईंच्याच १२ लाखातले. आणि करासाठी उत्पन्न मात्र पूर्ण ९६ धरतात, हे मला फार खटकतं.

व्याजच हवं तर पोस्टाची सीनियर सिटिझन स्कीम बघा, सध्या ८.२ टक्के, १२ लाखाला दर तिमाहीला २४,६००, खातं उघडताना जो दर असेल तो ५ वर्षं तोच.

धागाकर्ता:
मनापासून आभार. म्हणजे वर्षाला ९८,४०० आणि १२ लाख जिथल्या तिथे, हे आम्हाला तेव्हाच कोणी सांगायला हवं होतं. फक्त आईला दर महिन्याला हातात पैसे लागतात, किराणा, औषधं, तीन महिने थांबणं तिला जड जाईल. पोस्टाच्या मंथली इन्कममध्ये ७.४ टक्के आहे, थोडे तिथे थोडे इथे असं कोणी केलंय का? शनिवारी आईला घेऊन पोस्टात जातोय, त्याआधी सांगा प्लीज.